काढणं आणि न लावणं : नीतीचा सिद्धांत आयसीयूच्या दारात कामाला येतो का?

माळावरची

हा धागा काढू की नको यात बरेच महिने गेले. विषय घरातला आहे, पण प्रश्न घरापुरता नाही, म्हणून लिहितेय.

२०१९ च्या जुलैमध्ये बाबांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. वय ७८. त्याच रात्री जिल्ह्याच्या गावी एका खासगी रुग्णालयात नेलं आणि व्हेंटिलेटर लावला. अकराव्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरांनी दादाला आणि मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "मेंदूचं नुकसान भरून येण्यातलं नाही. माझं ऐकाल तर आता घरी न्या." फार आपुलकीने म्हणाले, ते मी विसरलेले नाही. खाली काउंटरवर एका मुलाने छापील फॉर्म पुढे केला. त्यात लिहिलेलं: 'वैद्यकीय सल्ला न जुमानता, स्वतःच्या जबाबदारीवर मी पेशंटला घेऊन जात आहे.' त्याला, म्हणजे सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज घेण्याला, तिथे सगळे 'डामा' म्हणतात. मी म्हटलं, अहो, सल्ला तर डॉक्टरांनीच दिलाय. तो म्हणाला, "ताई, फॉर्म असाच असतो." दादाने सही केली.

अँब्युलन्समध्ये एक ब्रदर वाटभर हाताने श्वास देणारी अंबू बॅग दाबत आला. आईने सोप्यात गादी घालून ठेवली होती. नळी काढल्यावर बाबा चाळीस मिनिटं होते. तेराव्याला आत्या म्हणाली, "श्वास चालू होता गं त्याचा. तुम्ही काढून घेतलात."

हे वाक्य घेऊन मी दोन वर्षं जगले. बँकेत काउंटरवर बसले तरी तेच. नंतर एका ऑनलाइन वर्गात नीतिशास्त्र शिकायला बसले. परीक्षा द्यायची नव्हती, फक्त आत्याला उत्तर द्यायचं होतं. तिथे काय हाती लागलं ते सांगते.

पहिली गोष्ट, काढणं आणि न लावणं. पहिल्याच रात्री आम्ही म्हटलं असतं की वय झालंय, व्हेंटिलेटर नको, तर आत्यासकट कुणी बोट दाखवलं नसतं. तोच माणूस, तोच आजार, कारणही तेच. मग अकराव्या दिवशी तेच पाप कसं झालं? जेम्स रेचल्स नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७५ मध्ये एक दाखला दिला होता. एकजण वारसाहक्काच्या लोभाने लहान पोराला टबात बुडवून मारतो. दुसरा त्याच इराद्याने आत जातो, पण पोर आपणच घसरून बुडतं आणि हा नुसता उभा राहून बघतो. दुसरा बरा म्हणायचा का? रेचल्स यावरून सरळ इंजेक्शन देऊन मरण देण्यापर्यंत जातात. तिथवर मी जात नाही. पण 'हाताने केलं' एवढ्यावरून दोष ठरत नाही, हे मला त्यामुळे दिसलं.

दुसरी गोष्ट, हेतू. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञापासून चालत आलेला विचार आहे: एखाद्या कृतीचा परिणाम आधी दिसत असणं वेगळं आणि तो हवा म्हणून कृती करणं वेगळं. मी स्वतःला एकच प्रश्न विचारला. नळी काढल्यावर बाबा आपले आपण श्वास घ्यायला लागले असते, तर आमचा बेत फसला असं आम्हाला वाटलं असतं का? आईने गल्लीभर साखर वाटली असती. त्या रात्री दोन वर्षांनी पहिल्यांदा मी मोकळी रडले.

तिसरी गोष्ट तो फॉर्म. जे खरोखर चुकलं ते तिथे होतं, आणि दोन वर्षं माझं त्याच्याकडे लक्षच गेलं नव्हतं. आम्ही खोटं लिहून दिलं.

तर इथल्या डॉक्टर, नर्स, शिक्षक मंडळींना विचारायचंय. हे सगळं मला नंतर कळलं. ऐन वेळी सिद्धांत कामाला येतो का, की तो मागाहून मन शांत करण्यापुरताच?

अतिदक्ष

ताई, फार प्रामाणिकपणे लिहिलंत. मीही तसंच सांगतो. सोळा वर्षं आयसीयूत आहे. पहाटे तीनला पेशंटच्या रक्तातला ऑक्सिजन घसरत असताना मी कधीही अक्वायनस आठवलेला नाही. समोर पेशंट, दाराबाहेर नातेवाईक आणि हातात काही मिनिटं. निर्णय अनुभवाने होतो, आधीचे शंभर पेशंट सांगतात म्हणून होतो. सिद्धांत सांगणाऱ्याला पेशंटच्या मुलाच्या डोळ्यात बघायचं नसतं.

पण तुमच्या 'काढणं आणि न लावणं' यावर थांबलो, कारण त्या एका मुद्द्याने माझी पद्धत बदलली आहे. काढणं हे न लावण्यापेक्षा वाईट असं मी मानत होतो, तेव्हा काठावरच्या म्हाताऱ्या पेशंटला लावायलाच कचरायचो. एकदा लावला की काढता येणार नाही ही भीती. त्यात वाचू शकले असते असेही काही गेले असतील. दोन्ही सारखंच हे पटल्यावर मी नातेवाइकांना म्हणू लागलो, "तीन दिवस लावून बघू. प्रतिसाद दिला तर पुढे जाऊ, नाही तर थांबू, आणि थांबायचं ठरलं तर ते मी सांगेन, तुमच्यावर टाकणार नाही." हे वाक्य मला अनुभवाने सुचलं नव्हतं. एका कार्यशाळेत कोणीतरी नीटपणे युक्तिवाद मांडला, मी वाद घातला, हरलो. म्हणजे पहाटे तीनला नाही, पण दुपारी तीनला सिद्धांताने काम केलं होतं, असं म्हणावं लागेल.

डामाबद्दल. कायद्याची भीती हे खरं कारण. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ ला यंत्रणा काढून घ्यायची वाट मोकळी केली, पण तिच्यात दोन वैद्यकीय मंडळं होती आणि शेवटी न्यायदंडाधिकाऱ्याने स्वतः येऊन पेशंटला बघायचं होतं. छोट्या गावात हे कोण करणार? जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ते बरंच सोपं केलं. आता दंडाधिकाऱ्याला फक्त कळवायचं असतं आणि मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं.

एक विचारू का? दुखवायचं नाहीये. त्या चाळीस मिनिटांत बाबांना धाप लागली होती का? डामावर गेलेल्या पेशंटला आम्ही घरी धाप शमवणारं मॉर्फिन लिहून देत नाही. कागदावर तो आमचं न ऐकता गेलेला असतो. फॉर्ममधल्या खोट्याची किंमत तिथे मोजली जाते.

गोदाकाठ

उत्तम धागा. हा प्रश्न मराठीत शंभर वर्षांपूर्वी फार ताकदीने हाताळला गेला आहे, त्याची आठवण करून देतो.

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेलं आणि १९१५ साली छापलेलं 'गीतारहस्य' आपण गीतेवरचं पुस्तक म्हणून कपाटात ठेवतो. त्याचं दुसरं प्रकरण, 'कर्मजिज्ञासा', उघडून बघा. अहिंसा, सत्य, अस्तेय, एकेक नियम घेऊन ते दाखवतात की दोन धर्म एकमेकांवर आदळतात तेव्हा नियम पाठ असून भागत नाही. दुष्काळात भुकेने व्याकूळ झालेला विश्वामित्र चांडाळाच्या घरून कुत्र्याचं मांस चोरायला जातो तो प्रसंगही तिथे आहे. चौथ्या प्रकरणात, जास्तीत जास्त लोकांचं सुख हेच नीतीचं माप मानणाऱ्या मिल आणि बेंथम या इंग्रज तत्त्वज्ञांच्या सुखवादाशी ते भिडतात. अमेरिकेतल्या एका शहरातल्या ट्रामवेचा दाखला देतात: परवानगी लवकर मिळावी म्हणून व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच दिली, ट्रामवे झाली, लोकांची सोय झाली, तरी पुढे खटला चालून त्याला शिक्षा झालीच. लोकांचं भलं झालं एवढ्याने हिशेब पुरा होत नाही, हा त्यांचा मुद्दा.

आता सत्याबद्दल. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९७ मध्ये लिहिलं की दारात मारेकरी येऊन तुमच्या मित्राचा पत्ता विचारत असला तरी खोटं बोलू नये. आपल्याकडे कर्णपर्वात याच्या नेमकी उलट कथा आहे. कौशिक नावाच्या तपस्व्याचं व्रत होतं की कायम खरंच बोलायचं. जीव वाचवायला रानात लपलेल्या लोकांचा ठावठिकाणा त्याने दरोडेखोरांना खरा सांगितला. माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. ही कथा कृष्ण अर्जुनाला सांगतो कधी, तर गांडीव दुसऱ्याला दे म्हणणाऱ्याला मारीन ही प्रतिज्ञा पाळायला अर्जुन धर्मराजावर तलवार उपसून उभा असतो तेव्हा! आणि त्यातून वाट काय निघते? वडीलधाऱ्याला 'तू' म्हणणं हाच त्याचा वध, म्हणून अर्जुनाने धर्मराजाला अरेतुरे करावं. म्हणजे ऐन रणांगणात, हातात तलवार असताना, सिद्धांतावर चर्चा झाली आणि तिने एक खून टळला. अतिदक्ष डॉक्टर, पहाटे तीनपेक्षा ती वेळ काही निवांत नव्हती.

ताईंचा फॉर्म मात्र कौशिकाच्या कथेत बसत नाही. तिथे खोटं बोलून लपलेल्यांचे जीव वाचले असते. या फॉर्ममधल्या खोट्याने कुणाचा जीव वाचला? रुग्णालयाचा कागद तेवढा वाचला.

रातपाळी

इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज राहवेना म्हणून लिहितेय. चौतीस वर्षं नर्स होते, आता निवृत्त. पुस्तकी भाषा मला येत नाही.

आमच्या पिढीतल्या प्रत्येक नर्सला परळच्या केईएममधली अरुणा शानबाग माहीत आहे. २७ नोव्हेंबर १९७३ ला तिथल्याच सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला, गळ्याला कुत्र्याची साखळी आवळली, मेंदूचा प्राणवायू तुटला. तेव्हापासून १८ मे २०१५ पर्यंत ती त्याच रुग्णालयात होती. तिला मरण द्यावं म्हणून पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ७ मार्च २०११ ला न्यायालयाने ते नाकारलं. म्हणालं, तिच्या वतीने बोलायचा हक्क तिला इतकी वर्षं सांभाळणाऱ्या केईएमच्या लोकांचा आहे, आणि त्यांना ती जगायला हवी आहे. त्याच निकालात, यंत्रणा काढून घ्यायला उच्च न्यायालयाच्या परवानगीने देशात पहिल्यांदा वाट मिळाली.

टीव्हीवर मोठमोठी माणसं तेव्हा म्हणत होती की नर्सेस भावनेच्या आहारी गेल्यात. मला फार लागलं होतं ते. दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठ पुसून पावडर लावणं, भात मऊ कालवून चमच्याने ओठाशी नेणं आणि ती गिळतेय ना हे गळ्याकडे बघत राहणं, याला भावनेचा आहार म्हणतात का? इतकी वर्षं अंथरुणावर असलेल्या बाईला बेडसोअर होऊ न देणं म्हणजे काय, हे केलेल्यालाच कळतं.

माझी लेक समाजशास्त्र शिकली. तिने मला सांगितलं की कॅरल गिलिगन नावाच्या बाईंनी १९८२ मध्ये मांडलंय: नीती म्हणजे नुसते नियम आणि हक्क नाहीत, कोण कुणाशी बांधलेलं आहे आणि कोण कुणाची काळजी घेतंय यातूनही ती उगवते. मी म्हटलं, अगं, हे तर आम्ही रोज रात्री करत होतो. पण त्याला नाव आहे हे कळलं तेव्हा बरं वाटलं. नाव नव्हतं तोवर आमचं म्हणणं रडणं ठरत होतं.

माळावरची, तुमच्या आईने सोप्यात गादी घातली ना, ती याच जातीची गोष्ट आहे.

चाकावर

सगळ्यांचं वाचलं. मला जरा वेगळं, कदाचित कडू बोलायचं आहे. पाठीच्या मणक्याला मार लागून बावीस वर्षं व्हीलचेअरवर आहे.

सिद्धांत मोकळं करतो तसा तो माझ्यासारख्यांना खातोही. पीटर सिंगर यांच्यासारखे, मिल-बेंथमच्या वाटेचे उपयुक्ततावादी तत्त्वज्ञ तर्काची एकेक पायरी चढत इथवर पोचले की गंभीर अपंगत्व घेऊन जन्मलेल्या बाळाला मरण देण्याची मुभा आईबापांना असावी. पायऱ्या स्वच्छ आहेत, कुठे ठेच लागत नाही, आणि वरच्या पायरीवर आमची मुलं आहेत. हॅरिएट मॅकब्राइड जॉन्सन ही अमेरिकन वकील बाई, स्वतः स्नायूंच्या आजाराने खुर्चीवर. २००२ मध्ये प्रिन्स्टनला जाऊन ती सिंगर यांच्यासमोर बसली आणि म्हणाली की अपंगत्वावरून आयुष्य कमी सुखाचं ठरवता येत नाही. तिने काय केलं ते नीट बघा. तर्क नको, भावना बघा, असं ती म्हणाली नाही. त्यांच्या तर्कातलं एक गृहीतक तिने उघडं पाडलं. आमचं सुख बाहेरून मोजलं जातं, आणि मोजणारा स्वतःला आमच्या जागी कल्पून घाबरलेला असतो.

म्हणून मला सिद्धांत नको असं नाही, तो मला पाहिजेच. 'मला असं वाटतं' म्हणणाऱ्याशी वाद घालता येत नाही. त्याला जे वाटतं त्यात मी बिचारा असतो, आणि विषय तिथेच संपतो. कारण मांडून दाखवलं तर त्यात भोक आहे का हे मला बघता येतं.

आणि इच्छामरण, लिव्हिंग विल (शेवटच्या आजारात कोणते उपचार हवेत-नकोत हे आधीच लिहून ठेवणं) यावर बोलताना बिलाचंही बोला. घर गहाण पडत असताना 'बाबांची इच्छाच नव्हती' हे वाक्य किती सोपं होतं ते मी वॉर्डात पडून ऐकलंय.

फळा_खडू

चाकावर यांना मनापासून +१. मी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो. अतिदक्ष यांच्या 'अनुभव पुरतो' या मुद्द्याला त्यातून उत्तर निघतं, ते मांडतो.

अमेरिकेत अलाबामातल्या टस्कीगी इथे १९३२ पासून ४० वर्षं गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिसचा 'अभ्यास' चालला. पेनिसिलिन हे औषध हाती आल्यावरही ते त्यांना दिलं नाही. आजार शेवटी कुठवर जातो हे बघायचं होतं. ते करणारे डॉक्टर अननुभवी नव्हते. अनुभव, सवय, सहकाऱ्यांची साथ, सगळं होतं. १९७२ मध्ये हे वर्तमानपत्रात आलं आणि १९७४ मध्ये अमेरिकी संसदेने ११ जणांचा आयोग नेमला.

त्या आयोगाबरोबर काम केलेल्या स्टीफन टुलमिन या तत्त्वज्ञाचं एक निरीक्षण मी दरवर्षी वर्गात सांगतो. सभासदांत डॉक्टर, वकील, धर्मशास्त्री अशी नाना मतांची माणसं होती. एकेक प्रकरण समोर घेतलं की निर्णयावर बहुधा एकमत व्हायचं. मग प्रत्येकजण आपलं कारण सांगू लागला की सगळे चार दिशांना! टुलमिन यांनी यावरून निष्कर्ष काढला की खात्री प्रकरणात असते, तत्त्वात नसते. माझे विद्यार्थी दरवर्षी खूश होतात, म्हणतात, मग सर, कांट कशाला वाचायचा?

मी त्यांना सांगतो की त्याच आयोगाने शेवटी बसून तीन तत्त्वं लिहून काढली: व्यक्तीचा आदर, हित, न्याय. १९७९ चा बेल्मॉण्ट अहवाल तो हाच. एकमत होत होतं तर का लिहिली? त्या खोलीत ते अकराजण होते, पुढच्या रुग्णालयात ते नसणार होते. टस्कीगीत कुणाला काही खुपत नव्हतं, तशा खोलीत जाऊन 'हे का करताय?' असं विचारायला काहीतरी लिहिलेलं लागतं.

टुलमिन यांचं निम्मं मला पटतं. प्रकरणातून सुरुवात करावी, तत्त्वावरून उतरत येऊ नये. माळावरची यांनीही सुरुवात फॉर्मपासून केली आहे, अक्वायनसपासून नाही.

माळावरची

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदोनदा वाचले.

अतिदक्ष, हो. धाप लागली होती. आई तोंडात गंगाजळ घालत होती आणि दादा छातीवरून हात फिरवत होता. मॉर्फिन देता येतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून राग नाही. उलट फॉर्मची गोष्ट मला एवढे दिवस फक्त खरं-खोटं एवढीच वाटत होती, तिच्या पलीकडे बाबांची ती चाळीस मिनिटं आहेत हे आज कळलं. त्याचं दुःख नवं आहे, पण ते जिथलं आहे तिथेच आहे. आत्याच्या वाक्याचं ओझं त्यात मिसळत नाही.

चाकावर, तुमचं वाक्य मी आईला वाचून दाखवलं, बिलाचं. आमच्या घरीही ते होतं. रोजचे पंचवीस हजार होते आणि दादाने सोसायटीचं कर्ज काढायची तयारी केली होती. डॉक्टर बोलले तेव्हा मला क्षणभर हलकं वाटलं, त्यात पैसा नव्हता असं मी म्हणणार नाही. साखरेच्या प्रश्नाने तेवढं सगळं धुऊन निघत नाही, हे मान्य करते.

रातपाळी, लिहीत राहा.

पुढचं सांगते. गेल्या रविवारी आईचं लिव्हिंग विल लिहायला बसलो. आई ७९ ची, पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून समोर. अतिदक्ष यांचं 'तीन दिवस लावून बघू' मला आवडलं म्हणून मी तेच लिहिलं. आईने विचारलं, "तीन दिवस कधीपासून? नळी घातल्यापासून की शुद्ध गेल्यापासून?" मला सांगता येईना. मग म्हणाली, "तीन खोड. पाच लिही. मिहीर जर्मनीहून यायला दोन दिवस घेतो, आणि तुम्हा दोघांना एक दिवस भांडायला लागेल." खाली एक ओळ तिने स्वतः घालायला लावली: धाप लागली तर औषध द्यावं, त्याने मरण लवकर आलं तरी चालेल. निर्णय कळवायला दादाचं आणि माझं, दोघांचं नाव घातलंय. मंगळवारी नोटरीकडे जायचंय. साक्षीदार दोन लागतात, एक शेजारच्या काकू येतायत.

दुसरी म्हणून आई आत्याला विचारणार आहे.